ज्वारीची आई बदलली तर पानाचं काम बदलेल का?

अंबाजोगाई तालुक्यातल्या एका कृषी पदव्युत्तर विद्यार्थ्याचा हा प्रश्न आहे. त्याने मालदांडी आणि परभणी मोती या रब्बी ज्वारीच्या दोन वाणांचा दोन्ही बाजूंनी संकर केला आहे. एकदा मालदांडी आई, एकदा परभणी मोती आई. त्याने लिहिलं आहे: "हरितलवकात स्वतःची जनुकं असतात आणि ती आईकडूनच येतात, हे वर्गात शिकलो. मग आई बदलली की प्रकाशसंश्लेषण बदलायला हवं ना? ही जनुकं नेमकं करतात तरी काय? आणि आमच्या सोयाबीनची पानं पिवळी पडतात तोही याच जनुकांचा दोष का?"

तीनही प्रश्न चांगले आहेत. उत्तर थोडं लांबेल, कारण पुस्तकातल्या एका ओळीवर हा विषय सुटत नाही. माझी बरीच वर्षं रब्बी ज्वारीच्या पैदाशीत गेली. कणसातले पुंकेसर चिमट्याने काढण्यापासून प्रकाशसंश्लेषण मोजणाऱ्या फ्लोरोमीटरची क्लिप पानाला लावण्यापर्यंतची कामं मी स्वतःच्या हाताने केली आहेत. पाहिलं आणि पडताळलं ते सांगते.

सुरुवात अंगणातल्या गुलबक्षीपासून करू. १९०९ साली जर्मनीत कार्ल कॉरेन्स यांनी चट्ट्यापट्ट्यांच्या पानांची गुलबक्षी घेतली. अशा झाडाची एखादी फांदी पूर्ण हिरवी असते, एखादी पांढुरकी, तर एखादी मिश्र. हिरव्या फांदीवरच्या फुलाचं बी हिरवी रोपं देतं आणि पांढऱ्या फांदीवरच्या फुलाचं बी पांढरी, मग परागकण कोणत्याही फांदीवरचे घाला. बापाचा काही संबंधच नाही. मेंडेलच्या हिशोबात हे बसत नव्हतं. त्याच वर्षी एर्विन बाउर यांना जिरेनियममध्ये थोडं वेगळं दिसलं. तिथे हिरवेपणा आईकडूनही येत होता आणि बापाकडूनही, पण मेंडेलच्या प्रमाणात मुळीच नाही. म्हणजे "हरितलवक आईकडूनच" हा नियम बहुतेक पिकांना लागू आहे, सगळ्या वनस्पतींना नाही. ज्वारीला तो लागू आहे.

हरितलवकात डीएनए आहे हे दिसायला १९६२ साल उजाडलं आणि त्याची पूर्ण अक्षरमाला वाचायला १९८६. त्या वर्षी तंबाखू आणि मार्कॅन्शिया नावाची लिव्हरवर्ट (शेवाळासारखी एक साधी वनस्पती), अशा दोन वनस्पतींचे हरितलवक-जीनोम जपानमधल्या दोन गटांनी वाचून काढले. आज आपल्या शिवारातल्या जवळजवळ प्रत्येक पिकाचा वाचलेला आहे. ज्वारीचा सुमारे १ लाख ४१ हजार अक्षरांचा, सोयाबीनचा १ लाख ५२ हजारांचा, कापसाचा १ लाख ६० हजारांचा. हरभऱ्याचा फक्त १ लाख २५ हजारांचा, कारण इतर पिकांत दोनदा असणारा एक मोठा तुकडा हरभऱ्याच्या पूर्वजांनी कधीतरी एकदाच ठेवला. त्याने हरभऱ्याचं काही अडलेलं नाही.

इतक्या अक्षरांत जनुकं किती? साधारण शंभर ते एकशेवीस. त्यातली ऐंशीच्या आसपास प्रथिनं बनवतात, बाकीची ती प्रथिनं बनवण्याच्या यंत्रणेचे भाग आहेत. हरितलवकात एकूण प्रथिनं मात्र तीन हजारांच्या घरात असतात. उरलेली सगळी पेशीच्या केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात आणि बाहेरून आत आणली जातात. हरितलवक हे मुळात पेशीत शिरून कायमचे वस्तीला आलेले नीलहरित जीवाणू. शंभर कोटी वर्षांहून जुना हा संसार आहे. त्या काळात जीवाणूची बहुतेक जनुकं केंद्रकात निघून गेली, थोडीच मागे राहिली.

मागे कोणती राहिली हे पाहिलं की तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर समोर येतं. सूर्यप्रकाशाने पाणी फोडणाऱ्या फोटोसिस्टिम दोनच्या गाभ्यातली डी-१ आणि डी-२ ही प्रथिनं, फोटोसिस्टिम एकचा गाभा, या दोहोंना जोडणाऱ्या सायटोक्रोम संकुलाचे मुख्य भाग, पेशीचं ऊर्जेचं चलन असलेलं एटीपी बनवणाऱ्या यंत्राचे सहा भाग, आणि हवेतला कार्बन पकडणाऱ्या रुबिस्कोचा मोठा तुकडा. प्रकाश गोळा करणारी अँटेनाची प्रथिनं केंद्रकाकडे गेली, पण जिथे इलेक्ट्रॉन प्रत्यक्ष उडी मारतो ती जागा हरितलवकाने स्वतःकडे ठेवली. वाडा सगळा भाडेकरूंनी भरला, देवघराची किल्ली मात्र जुन्या मालकाकडेच राहिली, असं मी विद्यार्थ्यांना सांगते.

असं का झालं याचं मला सर्वांत पटणारं उत्तर जॉन अ‍ॅलन यांचं आहे. इलेक्ट्रॉनची रांग तुंबली की लगेच, जागच्या जागी, नवे भाग बनवावे लागतात. केंद्रकाला निरोप पाठवून वाट बघण्यात वेळ जातो. १९९९ मध्ये अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांनी मोहरीच्या रोपांवर दाखवलं की दोन फोटोसिस्टिमच्या मधल्या प्लास्टोक्विनोन या वाहकावर इलेक्ट्रॉनचा भार वाढला की हरितलवकातली जनुकं काही मिनिटांत आपला वेग बदलतात. फोटोसिस्टिम एकचे भाग जास्त लागतात की दोनचे, हे पान स्वतःच्या नाडीवर बोट ठेवून ठरवतं. कागदावरची जनुकं आणि पानातली जिवंत जनुकं यांतला फरक मला हा प्रयोग वाचल्यावर पहिल्यांदा नीट कळला.

आता एका अक्षराने काय घडतं ते बघा. हे उदाहरण तुमच्या शेतातल्याच एका गोष्टीशी जोडलेलं आहे.

ज्वारी-मक्यात तुम्ही अ‍ॅट्राझीन मारता. ते तणाला कसं मारतं? डी-१ प्रथिनात एक खाच आहे. तिथे प्लास्टोक्विनोन येऊन बसतो, इलेक्ट्रॉन घेतो आणि पुढे जातो. अ‍ॅट्राझीन त्या खाचेत जाऊन बसतं आणि वाट अडवतं. ज्वारी वाचते ती तिचं डी-१ वेगळं आहे म्हणून नाही. ज्वारीच्या पानात केंद्रकातल्या जनुकांवरून बनलेलं एक एन्झाइम अ‍ॅट्राझीनला ग्लुटाथिओन जोडून निकामी करतं. सोयाबीनकडे ती ताकद पुरेशी नाही, म्हणून आदल्या हंगामातलं अ‍ॅट्राझीन जमिनीत उरलं की सोयाबीनची पानं कडेने करपतात.

१९७० साली अमेरिकेतल्या एका रोपवाटिकेत, जिथे वर्षानुवर्षं याच गटातली औषधं मारली होती, एक तण मरत नसल्याची नोंद झाली. पुढे अशी तणं ठिकठिकाणी सापडली. १९८३ मध्ये राजगिऱ्याच्या कुळातल्या एका तणात कारण कळलं: डी-१ बनवणाऱ्या पीएसबीए या हरितलवकी जनुकात एक अक्षर बदललं होतं आणि प्रथिनाच्या २६४ व्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी ग्लायसीन हे दुसरं आलं होतं. एवढ्याने अ‍ॅट्राझीनला त्या खाचेत बसता येईना. पण सेरीन गेल्याने प्लास्टोक्विनोनचीही पकड सैल झाली. इलेक्ट्रॉन पुढे सरकण्याचा वेग घटला. औषध नसलेल्या रानात ही तणं साध्या तणांपुढे मागे पडतात.

कॅनडातल्या पैदासकारांनी हाच गुण मोहरीवर्गीय कनोलात आणला. प्रतिकारक रानटी मोहरी आई म्हणून घेतली आणि कनोलाशी पुन्हा पुन्हा संकर केला. केंद्रक जवळजवळ सगळं कनोलाचं झालं, हरितलवक त्या रानटी आईचं राहिलं. १९८४ मध्ये गेल्फ विद्यापीठाचा ओएसी ट्रायटन हा वाण आला. तणनाशक सोसायचा, पण उत्पादनात नेहमीच्या वाणांपेक्षा चांगलाच कमी भरायचा. हरितलवकातलं एक जनुक बदललं तर प्रकाशसंश्लेषणावर परिणाम होतो का, या प्रश्नाचं शेतकऱ्याच्या काट्यावर तोललेलं उत्तर मला याहून चांगलं माहीत नाही.

दुसरं उदाहरणही मोहरीचंच आहे, आणि पैदासकार म्हणून मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. जपानी मुळ्यात सापडलेली ओगुरा नावाची नरवंध्यता (म्हणजे कामाचे परागकण न बनणं) मोहरीवर्गीय पिकांत आणली गेली. नरवंध्यतेचं कारण तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) होतं, पण आईकडून तंतुकणिका घेतल्या की हरितलवकही सोबत येतात. पेशीत केंद्रक मोहरीचं, हरितलवक मुळ्याचं. नेहमीच्या हवेत ठीक, पण थंडी पडली की कोवळी पानं पिवळी. मुळ्याच्या हरितलवकात कोणतंही जनुक बिघडलेलं नव्हतं आणि मोहरीच्या केंद्रकातही नव्हतं. दोघांचं एकमेकांशी जुळत नव्हतं, एवढंच. फ्रान्समध्ये जॉर्ज पेलेतिए यांच्या गटाने १९८३ मध्ये दोन पेशी भित्तिका काढून एकमेकींत मिसळल्या आणि तंतुकणिका मुळ्याच्या वळणाच्या, हरितलवक मोहरीवर्गाचंच अशी रोपं निवडली. पिवळेपणा गेला.

हे जुळणं म्हणजे काय, ते रुबिस्कोत सगळ्यांत स्पष्ट दिसतं. हे एन्झाइम आठ मोठ्या आणि आठ छोट्या तुकड्यांचं असतं. मोठा तुकडा हरितलवकातल्या आरबीसीएल जनुकावरून, छोटा केंद्रकातल्या जनुकांवरून. १९७२ मध्ये सॅम वाइल्डमन यांच्या प्रयोगशाळेने तंबाखूच्या संकरांत दाखवलं की मोठा तुकडा फक्त आईसारखा निघतो आणि छोटा दोघांसारखा. कार्बन पकडण्याची जागा मोठ्या तुकड्यावर आहे. म्हणजे पिकाच्या प्रत्येक दाण्यातला कार्बन आईकडून आलेल्या एका जनुकाच्या हातून आत येतो. पण छोटा तुकडा, जुळणीला मदत करणारी प्रथिनं आणि रुबिस्कोला जागं ठेवणारं रुबिस्को अ‍ॅक्टिव्हेज हे सगळं केंद्रकाकडून येतं.

रुबिस्को तसं फार संथ आहे. सेकंदाला तीनेक कार्बन डायऑक्साइड रेणू, एवढाच त्याचा वेग. शिवाय ते चुकून ऑक्सिजनही पकडतं, आणि ऊन वाढेल तशी ही चूक वाढते. सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस या पिकांत मिळवलेल्या कार्बनपैकी मोठा वाटा असा पुन्हा हवेत जातो. म्हणून जगभर आरबीसीएल बदलण्याची धडपड चालू आहे. २०१४ मध्ये तंबाखूच्या हरितलवकात नीलहरित जीवाणूचं वेगवान रुबिस्को बसवण्यात आलं. रोपं जगली, पण कार्बन डायऑक्साइड जास्त असलेल्या बंद खोलीतच नीट वाढली. वेगवान रुबिस्कोला त्या जीवाणूत जी कार्बन साठवून देणारी व्यवस्था मिळते, ती पानात नव्हती. नुसतं इंजिन बदलून भागत नाही.

तुमच्या ज्वारीने ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवली आहे. ज्वारीच्या पानात शिरेभोवतीच्या पेशींत एक प्रकारचं हरितलवक आणि बाहेरच्या पेशींत दुसऱ्या प्रकारचं. बाहेरच्यात डी-१ भरपूर आणि रुबिस्को जवळजवळ नाही. आतल्यात रुबिस्को भरपूर आणि फोटोसिस्टिम दोन अगदी कमी, त्यामुळे तिथे ऑक्सिजन फारसा तयारच होत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांतल्या पटलांच्या घड्यासुद्धा वेगळ्या दिसतात. डीएनए मात्र दोघांत अक्षरन् अक्षर सारखा आहे. कुठे कोणतं जनुक बोलायचं आणि कोणतं गप्प बसायचं, हा हुकूम केंद्रकाचा. हे मनात पक्कं ठेवा, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे.

आता आपल्याकडच्या उन्हाबद्दल. डी-१ हे प्रथिन पाणी फोडण्याच्या जागेवर बसलेलं असतं आणि तिथल्या प्रकाशात ते सतत मोडत असतं. कडक उन्हात तासाभराच्या आत जुनं काढून नवं बसवावं लागतं. म्हणून पीएसबीए हे पानातल्या सर्वांत राबणाऱ्या जनुकांपैकी एक आहे. नुसत्या उन्हाने पान हरत नाही. उन्हासोबत पाण्याचा ताण आणि उष्णता आली, पर्णरंध्रं मिटली, की पकडायला कार्बन नसतो, इलेक्ट्रॉन नको तिथे जातात आणि त्यातून होणारं विषारी ऑक्सिजन नवं डी-१ बनवणारी यंत्रणाच थांबवतं. मोडतोड चालू राहते आणि दुरुस्ती बंद पडते. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने पंधरा-वीस दिवस ओढ दिली की हलक्या रानातलं सोयाबीन दुपारी पानं उलटी करून उभं असतं, तेव्हा आत हे चाललेलं असतं. २०२० मध्ये चीनमधल्या संशोधकांनी याच जनुकाची उष्णतेने जागी होणारी एक जादा प्रत भाताच्या केंद्रकात बसवली. तिथून बनलेलं डी-१ हरितलवकात पोचेल अशी सोय केली. झाडं उष्णतेत टिकली आणि शेतातलं उत्पादनही वाढलं. मराठवाड्यासाठी मला सगळ्यांत आशेची वाटते ती ही दिशा.

सोयाबीनच्या पिवळेपणाचं उत्तर मात्र सोपं आहे. शेंड्याकडची नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या, आणि जमीन चुनखडीची किंवा पाणी साचलेली असेल तर तो जनुकांचा दोष नाही, लोहाचा आहे. उसात याच लक्षणाला आपल्याकडे केवडा म्हणतात. आपल्या काळ्या जमिनीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना मिळत नाही. एका फोटोसिस्टिम एकला लोहाचे बारा अणू लागतात. हरितलवकातली जनुकं त्याची प्रथिनं बनवायला तयार असतात, पण लोह नसेल तर यंत्र उभंच राहत नाही. फेरस सल्फेटची फवारणी करून आठवड्यात नवी पानं हिरवी येतात का बघा. आली, तर बियाण्याला दोष देऊ नका. पानावर हिरवे-पिवळे विखुरलेले चट्टे असतील आणि शेतात पांढरी माशी असेल, तर तो पिवळा मोझॅक. तो विषाणू, आणि त्याचा बंदोबस्त वेगळा.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः एक चूक केली होती. संकराच्या दुसऱ्या पिढीत ज्वारीच्या काही ओळींत पांढरी रोपं निघाली. आठ-दहा दिवसांत दाण्यातला साठा संपला आणि मेली. हरितलवकातच बिघाड, असं मी वहीत लिहून मोकळी झाले. मार्गदर्शकांनी फक्त एवढंच विचारलं, "मोजलीस का?" दुसऱ्या हंगामात मोजली. तीन हिरवी, एक पांढरं. आई बदलून केलेल्या संकरातही तेच. म्हणजे केंद्रकातलं अप्रभावी जनुक. ती पानं पांढरी होती कारण केंद्रकाकडून येणारा एक भाग पोचत नव्हता, आणि त्यावाचून हरितलवकाची सगळी जनुकं बसून होती.

आता तुमचा पहिला प्रश्न. मालदांडी आणि परभणी मोती यांची आई-बाप अदलाबदल केल्याने प्रकाशसंश्लेषणात मोठा फरक दिसेल असं मला वाटत नाही. दोन्ही इथल्याच रब्बी ज्वारी. एका पिकाच्या जवळच्या वाणांत हरितलवकाचा डीएनए फार थोड्या अक्षरांनी वेगळा असतो, कारण ही जनुकं फार हळू बदलतात आणि आई-बापांच्या संकरात त्यांची सरमिसळही होत नाही. रब्बीत जमिनीतली ओल संपत येते आणि दाणे भरत असतात, तेव्हा पान हिरवं राहणं सगळ्यांत मोलाचं. त्या गुणाचे स्टे-ग्रीन म्हणून ओळखले जाणारे चार मुख्य भाग ज्वारीच्या केंद्रकातल्या गुणसूत्रांवर सापडले आहेत. उत्पादनातला बहुतेक फरक तिथून येतो.

पण "मोठा फरक नाही" आणि "फरक नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आई लांबची असेल, रानटी जातीतली असेल, तर मामला बदलतो. तुरीचंच बघा. इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या संकरित तुरीत जी नरवंध्यता वापरली ती कॅजानस कॅजानिफोलियस या रानटी नातलगाच्या पेशीद्रव्यातून (केंद्रकाबाहेरच्या पेशीतून) आणलेली आहे. अशा संकरात नरवंध्यतेसोबत रानटी आईचं हरितलवकही शेतात उतरतं. उत्पादनाचे आकडे पाहताना बहुतेकांच्या ध्यानात हे येत नाही, आणि थंडीत किंवा ताणात अशा वाणाचं पान वेगळं वागतं का हे मुद्दाम तपासलं पाहिजे, असं मी आग्रहाने म्हणत आले आहे. ज्वारीच्या संकरित वाणांना नरवंध्यता देणाऱ्या मायलो पेशीद्रव्यालाही हेच लागू आहे. तुमच्या विभागात ज्वारीच्या नरवंध्य ओळी आणि त्यांच्या जोडीच्या, त्यांचं बी टिकवण्यासाठी पराग देणाऱ्या टिकवण-ओळी असतीलच. दोघांचं केंद्रक जवळजवळ एकच, पेशीद्रव्य वेगळं. तुमच्या प्रश्नासाठी ही जोडी तुमच्या संकरापेक्षा जास्त उपयोगाची आहे.

तुमच्या संकरातही मोजायचंच असेल तर अवश्य मोजा, पण एक सावधगिरी घ्या. पहिल्या पिढीत आईमुळे दिसलेला फरक हा दाण्याच्या आकाराचाही असू शकतो. टपोऱ्या दाण्याच्या आईचं रोप सुरुवातीला जोमदार असतं, त्यात हरितलवकाचा काही वाटा नसतो. तो फरक पुढच्या पिढ्यांत विरतो. हरितलवकाचा फरक विरत नाही. खात्री करायची तर एकाच बापाशी सहा वेळा पुन्हा संकर करा. केंद्रक ९९ टक्क्यांहून जास्त बापाचं होईल, हरितलवक पहिल्या आईचंच राहील. एका थीसिसच्या मुदतीत हे होणार नाही, पण बी जपून ठेवलंत तर तुमच्यामागून येणारा विद्यार्थी ते पुढे नेईल.

या हंगामात करता येण्यासारखं मात्र आहे. दोन्ही बाजूंचे संकर आणि दोन्ही आई-बाप एकाच दिवशी, मातीची खोली सारखी असलेल्या रानात पेरा, ओळींची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. पोटरीत असताना आणि दाणे दुधात असताना, वरून दुसरं पान धरा. क्लिप लावून वीस ते तीस मिनिटं अंधार द्या आणि फ्लोरोमीटरवर फोटोसिस्टिम दोनची कमाल क्षमता घ्या. निरोगी पानात ती ०.८३ च्या आसपास असते. दुपारी दोनला एकदा घ्या आणि त्याच पानावर दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आधी एकदा. दुपारचा आकडा सगळ्यांचाच पडेल. पहाटेपर्यंत कोणाचा भरून येतो आणि कोणाचा नाही, तिथे डी-१ ची दुरुस्ती कळते, आणि आईचा काही वाटा असेलच तर तो तिथेच दिसेल. प्रत्येक पाकिटावर आईचं नाव आधी आणि बापाचं नंतर लिहा, पेन्सिलीने. पेनाची शाई दवाने पसरते, आणि एकदा आई कोण हे पुसलं गेलं की वर्षभराच्या कामातून काहीच सांगता येत नाही.